नाना, उजेड हा त्यातला किरकोळ खर्च आहे

ट्रॉम्सो, नॉर्वे
१२ जानेवारी २०२५

ती. नानांस व सौ. काकूंस साष्टांग नमस्कार.

फोनवर मी अरोराचं, म्हणजे ध्रुवाकडच्या आकाशातल्या रंगीत उजेडाचं आणि तिथल्या करंटचं सांगत होतो. तुम्ही दोन प्रश्न टाकलेत, तेवढ्यात दुकानात गिऱ्हाईक आलं आणि बोलणं राहिलं. पहिला प्रश्न, "करंट शे, तं अर्थिंग कोठे शे?" आणि दुसरा, वर हजार डिग्री तापमान असतं म्हणतोस, मग खाली हातमोजे कशाला घालतोस? दोन्ही प्रश्न नेमक्या जागी लागले आहेत. तोंडी सांगण्यात आकडे निसटतात, म्हणून लिहूनच पाठवतो. बापूचा आयटीआयमध्ये ओहमचा नियम झाला असेल. त्यालाही वाचायला द्या, हिशेब त्याने पुन्हा करून बघावेत.

आधी उजेडाचं सांगतो, कारण मोबाइलवर फिरणाऱ्या फोटोंमुळे अरोरा म्हणजे हिरवा-लाल उजेड एवढंच डोक्यात बसतं. वरून पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेपैकी हिरव्या रंगात बाहेर पडते ती अर्ध्या टक्क्याहूनही कमी. बाकीची रेणू फोडण्यात आणि हवा तापवण्यात जाते. अरोराच्या त्याच पट्ट्यात आणखी एक खर्च चालू असतो, आणि तो या इलेक्ट्रॉनांच्या खर्चाच्या दुप्पट-तिप्पट असतो: हवेतून आडवा वाहणारा करंट. त्याची उष्णता डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्यात येत नाही आणि पुष्कळदा नेमकी काळोख्या भागातच जास्त असते.

आता अर्थिंग. या सर्किटला अर्थिंग नाही. जनरेटर म्हणजे सूर्याकडून येणारा विद्युतभारित कणांचा वारा, एरवी सेकंदाला सुमारे ४०० किमी आणि सौर वादळात ७००-८०० च्या पुढे. तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला आडवा जातो आणि ध्रुवाभोवतीच्या टोपीसारख्या भागाच्या दोन बाजूंमध्ये व्होल्टेज तयार होतं. शांत दिवशी ३० ते ५० किलोव्होल्ट, वादळात दीडशे-दोनशे. चुंबकीय रेषा इथे केबलचं काम करतात, कारण त्या उंचीवर इलेक्ट्रॉनांना रेषेच्या दिशेने जवळजवळ मोकळी वाट असते आणि रेषा ओलांडून जाणं फार अवघड. पहाटेच्या बाजूने करंट रेषांवरून खाली येतो, १०० ते १५० किमी उंचीवर आडवा होतो आणि संध्याकाळच्या बाजूने पुन्हा वर जातो. करंटच्या या पट्ट्याच्या विषुववृत्ताकडच्या अंगाला दुसरा पट्टा असतो आणि त्यात दिशा उलटी असते. त्यामुळे पुष्कळसा करंट दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेतून उत्तर-दक्षिण वाहून सर्किट पुरं करतो. शंभर किमीच्या खालची हवा त्याच्या दृष्टीने इन्सुलेशनच आहे. जमिनीपर्यंत तो येतच नाही, दोन्ही टोकं वरच.

अशा रेषांवरून येणाऱ्या करंटची कल्पना इथल्याच क्रिस्टियान बिर्कलँड या शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडली. नॉर्वेच्या जुन्या २०० क्रोनरच्या नोटेवर त्यांचंच चित्र होतं. ते १९१७ मध्ये गेले. त्यांचं म्हणणं पुढची पन्नास वर्षं बऱ्याच जणांनी मानलं नाही, कारण जमिनीवरच्या मोजणीतून ते सिद्धच होत नव्हतं. का होत नव्हतं ते पुढे येईल. उपग्रह त्या रेषांमधून गेले तेव्हा वाद मिटला, आणि १९७० च्या दशकात दोन्ही पट्ट्यांचे नकाशे निघाले.

एकूण करंट शांत दिवशी दहा-वीस लाख अँपिअर, मोठ्या वादळात ५० लाखांच्या पुढे. बापू, दीडशे किलोव्होल्टला ५० लाख अँपिअरने गुण. साडेसातशे गिगावॅट येतात. खरा हिशेब इतका सरळ नाही, कारण सगळा करंट सगळ्या व्होल्टेजमधून उतरत नाही. पण आकड्याची जात हीच. दीपनगरचा ५०० मेगावॅटचा एक संच धरला तर असे दीड हजार संच.

करंट वर जातो तिथे प्रत्यक्षात इलेक्ट्रॉन खाली येत असतात, कारण त्यांचा भार ऋण. ते हजारो किमी उंचीवर वेग घेतात, १ ते १० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टची ऊर्जा घेऊन हवेत घुसतात आणि उजेड पाडतात. करंट खाली येतो त्या बाजूला इलेक्ट्रॉन गुपचूप वर निघून जातात. तिथे आकाश काळंच. म्हणजे निम्मं सर्किट दिसतच नाही.

मग हा करंट तापवतो कुठे? तापायला धडक लागते. विद्युत क्षेत्र आयनाला, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावून भारित झालेल्या रेणूला किंवा अणूला, ढकलतं, आयन हवेच्या साध्या रेणूला धडकतो आणि ढकलण्यात मिळालेली ऊर्जा त्या धडकेत हवेला देऊन टाकतो. नव्वद किमीच्या खाली धडका इतक्या दाट असतात की आयन हलूच शकत नाही, हवेसोबत बसून राहतो. दोनशे किमीच्या वर धडका इतक्या विरळ की आयन आणि इलेक्ट्रॉन दोघंही विद्युत क्षेत्राला आणि चुंबकीय क्षेत्राला काटकोनात, एकाच दिशेने, एकाच वेगाने वाहतात. दोघं बरोबर गेले की निव्वळ करंट शून्य. मधल्या भागात खरी गंमत आहे. तिथला आयन चुंबकीय रेषेभोवती सेकंदाला सुमारे २५ घिरट्या घालू बघतो, पण १२० ते १२५ किमीवर एक घिरटी पुरी होण्याआधीच त्याला पाच-सहा धडका बसतात. प्रत्येक धडकेनंतर तो थोडा थोडा विद्युत क्षेत्राच्या दिशेने सरकतो. त्या सरकण्याला पेडरसन करंट म्हणतात आणि उष्णता त्याचीच.

त्याच्या थोडं खाली, १०५-११० किमीवर, आयन अडकलेले आणि इलेक्ट्रॉन मोकळे अशी स्थिती असते. तिथे क्षेत्राला काटकोनात वाहतो तो हॉल करंट. आकड्याने तो पेडरसनच्या दीडपट-दुप्पट भरतो, जमिनीवरच्या चुंबकमापकांच्या सुया तोच हलवतो, पण काटकोनात असल्यामुळे क्षेत्राकडून काम करून घेत नाही आणि तापवतही नाही. नव्या माणसाची सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. जमिनीवरची नोंद जोरात हलली की वर जोरात तापतंय असं तो धरतो. जपानच्या नाओशी फुकुशिमा यांनी दाखवून दिलं की वरच्या थराची वाहकता सगळीकडे सारखी असेल तर रेषांवरचा करंट आणि पेडरसन करंट या दोघांचा जमिनीवरचा चुंबकीय परिणाम एकमेकांना पुसून टाकतो. म्हणजे तापवणाराच करंट जमिनीवरून दिसत नाही. बिर्कलँड यांचं म्हणणं सिद्ध व्हायला उपग्रहाची वाट बघावी लागली ती याचमुळे.

आता तुमचा दुसरा प्रश्न. आकडे घ्या. चांगल्या अरोरात त्या थराची एकूण पेडरसन वाहकता १० सीमेन्सच्या आसपास जाते. वाहकता म्हणजे रेझिस्टन्सचा उलटा आकडा. विद्युत क्षेत्र मीटरला ५० मिलिव्होल्ट धरा. तुम्ही म्हणाल, एवढ्यात काय होणार? पण हे मीटरला आहे आणि पट्टा शेकडो किमी रुंद आहे. क्षेत्राचा वर्ग गुणिले वाहकता केलं की चौरस मीटरमागे २५ मिलिवॅट येतात. आपल्या मापात सांगायचं तर एकरामागे १०० वॅट, एका जुन्या पिवळ्या बल्बएवढे.

इतक्याने काय तापणार? त्यासाठी वर हवा किती आहे ते बघायला हवं. ११० किमीवर दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दीड कोटीवा भाग उरतो. एका एकरावर जमिनीपासून वरपर्यंत जी हवा उभी आहे तिचं वजन ४० हजार टनांच्या वर आहे. त्यातली ११० किमीच्या वरची सगळी गोळा करून तोलली तर भरते फक्त तीन किलो. तीन किलो हवेला १०० वॅट दिले तर मिनिटाला दोन अंश, तासाला १२० अंश तापमान चढतं. मधेच वारे सुटतात, थोडी उष्णता खाली उतरते, थोडी अवरक्त किरणांतून निघून जाते, म्हणून इतकं सरळ चढत नाही. पण वादळ तासन्‌तास चाललं की तीनचारशे किमीवरची हवा एरवीच्या ७००-८०० अंशांवरून हजार-बाराशे अंशांच्या पुढे जाते ती या हिशेबाने.

तापमान इतकं असूनही तिथे हात धरला तर भाजणार नाही. २०० किमीवर एक रेणू दुसऱ्याला भेटायच्या आधी सरासरी २०० मीटरच्या वर जातो. प्रत्येक रेणू जोरात असतो, पण हाताला लागणारे रेणूच मोजके. खाली ट्रॉम्सोत आज उणे आठ आहे, आणि वरचे तीन किलो खालच्या ४० हजार टनांना काय ऊब देणार! म्हणून हातमोजे.

आता तुमच्या धंद्याशी थेट जुळणारी गोष्ट. जास्त उजळ जागा जास्त तापते का? व्होल्टेज पक्कं असेल तर हो. ५० मिलिव्होल्टला वाहकता ५ सीमेन्स असेल तर साडेबारा मिलिवॅट, १० असेल तर २५. पण करंट पक्का असेल तर उलटं होतं. मीटर रुंदीमागे अर्धा अँपिअर वाहायचाच असं ठरलेलं असेल तर १० सीमेन्सला २५ मिलिवॅट आणि ५ सीमेन्सला ५० मिलिवॅट. जिथे वाट अरुंद तिथे जास्त गरम. प्रत्यक्षातला जनरेटर ना पूर्ण असा ना पूर्ण तसा. अरोराच्या उजळ कमानीत इलेक्ट्रॉन पडून हवा वाहक होते, तिथे विद्युत क्षेत्र कोसळतं, आणि कमानीच्या लगतच्या काळोख्या पट्टीत तेच क्षेत्र वाढून बसतं. ते ५० वरून १०० झालं तर उष्णता चौपट, कारण वर्ग आहे. म्हणून फोटोतली सगळ्यात झगझगीत कमान बघून 'इथे सगळ्यात जास्त तापलं' असं म्हणू नये. बहुतेक वेळा उत्तर तिच्या शेजारी असतं.

हा वर्ग पुढेही छळतो. समजा एका जागी अर्धा वेळ ९० मिलिव्होल्ट आणि अर्धा वेळ १०. सरासरी ५०. सरासरीचा वर्ग २५००. पण आधी वर्ग करून मग सरासरी काढली तर ४१०० येते, म्हणजे ६४ टक्के जास्त. आणि क्षेत्र दर काही मिनिटांनी दिशा बदलत असेल तर सरासरी शून्य निघते आणि उष्णता मात्र पुरेपूर पडलेली असते. सोलर पंपाच्या ड्राइव्हवर करंट मोजायचा साधा टॉन्ग टेस्टर कमी अँपिअर दाखवतो आणि वाइंडिंग तरी जळतं, म्हणून तुम्ही ट्रू आरएमएसचा, म्हणजे आधी वर्ग करून मग सरासरी काढणारा, घेतलात ना, तीच भानगड. संगणकातली हवामानाची प्रारूपं शंभर-दोनशे किमीच्या चौकटीत एकच क्षेत्र धरून चालतात. त्या चौकटीत आत दहा किमीच्या कमानी आणि क्षणाक्षणाला बदलणारं क्षेत्र बसत नाही, म्हणून उष्णता कमी निघते. मग कोणी तिला दीडने गुणतं, कोणी दोनने. हा गुणाकार मला मनापासून आवडत नाही. एका वादळात तो जुळतो, दुसऱ्यात फसतो, आणि का फसला ते त्यातून कळत नाही.

वाऱ्याचंही तसंच. हिशेबात घ्यायचं क्षेत्र हवेसोबत वाहणाऱ्या माणसाला जाणवेल ते. तिथल्या वाऱ्याचा वेग सेकंदाला १०० मीटर असेल तर त्याचं योगदान मीटरला ५ मिलिव्होल्ट. मूळ क्षेत्र २० असताना वारा आयनांच्या साथीला असेल तर उरतात १५, विरुद्ध असेल तर २५. वर्ग केला की पहिल्या वेळी उष्णता ५६ टक्के, दुसऱ्या वेळी १५६ टक्के. वादळ तासन्‌तास एकाच दिशेने चाललं की आयन हवेला आपल्याबरोबर ओढून नेतात, दोघांमधला फरक कमी होतो आणि तापणं मंदावतं. मग क्षेत्र अचानक पालटलं तर जड हवा जुन्याच दिशेने धावत राहते, फरक एकदम वाढतो आणि उष्णतेचा लोंढा येतो. वारा शून्य धरून केलेले हिशेब मी फार विश्वासाने वाचत नाही.

मोजतात कसं, ते बापूने विचारलं होतं. इथून जवळ रामफ्योर्डमोएन इथे युरोपीय संस्था आयस्कॅटचं रडार १९८१ पासून चालतं. त्याची ३२ मीटर व्यासाची तबकडी सुमारे ९३० मेगाहर्ट्झवर वर लहरी सोडते आणि मोकळ्या इलेक्ट्रॉनांवरून परत आलेला अतिशय क्षीण प्रतिध्वनी ऐकते. तबकडी पुष्कळदा चुंबकीय रेषेच्या दिशेने धरतात, म्हणजे थेट डोक्यावर नव्हे तर बारा-तेरा अंश दक्षिणेकडे कललेली. प्रतिध्वनीच्या जोरावरून इलेक्ट्रॉन किती ते कळतं, त्याची वारंवारता सरकली त्यावरून आयनांचा वेग, आणि तो वारंवारतेत किती पसरला त्यावरून तापमान.

मग क्रम असा. आधी दोनशे किमीच्या वरचा आयनांचा वेग घ्यायचा, कारण तिथे धडका नगण्य असल्याने वेग गुणिले चुंबकीय क्षेत्र केलं की विद्युत क्षेत्र मिळतं. सेकंदाला १००० मीटर वेग म्हणजे ५० मिलिव्होल्ट. रेषा केबलसारख्या असल्याने तेच क्षेत्र खाली १२० किमीवरही धरता येतं. मग प्रत्येक उंचीवरचे इलेक्ट्रॉन आणि हवेची घनता यांच्यावरून पेडरसन वाहकता काढायची. मग वारा. शेवटी ९० ते १८० किमीपर्यंत प्रत्येक थराचं गणित करून बेरीज. पडताळ्याला आयनांचं तापमान असतं. हजार मीटरच्या वेगाने घासले जाणारे आयन भोवतालच्या हवेपेक्षा सहाशे ते अकराशे अंश जास्त गरम असतात, हवेत अणुरूप ऑक्सिजन जास्त की नायट्रोजन यावर आकडा ठरतो. वेगावरून काढलेलं आणि तापमानावरून काढलेलं जुळलं नाही तर कुठेतरी गडबड आहे.

गडबडी ठरलेल्या असतात. हवेची घनता रडार मोजत नाही, ती प्रारूपातून उसनी घ्यावी लागते, आणि वादळात नेमकी तीच बदललेली असते. प्रतिध्वनी क्षीण असल्याने मिनिटभर गोळा करावा लागतो, तेवढ्यात कमान सरकून गेलेली असते. १५० किमीच्या वर नायट्रिक ऑक्साइडचे आयन किती आणि ऑक्सिजनचे किती हे गृहीत धरावं लागतं. ते चुकलं की तापमानच चुकतं. आणि एका तबकडीला वेगाची एकच दिशा कळते. तीन दिशा हव्यात तर तीन जागांहून ऐकावं लागतं. त्यासाठी स्वीडनमध्ये किरुना आणि फिनलंडमध्ये सोदांकिला इथे तबकड्या होत्याच, पण मोबाइलचे टॉवर त्याच वारंवारतेच्या शेजारी येऊन बसल्यावर तिथे ९३० वर ऐकणं अशक्य झालं आणि त्या २२४ मेगाहर्ट्झवर वळवाव्या लागल्या. आता नॉर्वेतच स्किबोटन इथे दहा हजारांच्या जवळपास अँटेनांचं नवं रडार उभं राहतंय. ते तबकडी न हलवता एकाच वेळी अनेक दिशांना बघू शकेल, म्हणजे कमान आणि तिच्या शेजारची काळोखी पट्टी दोन्ही एकदम मोजता येतील. वर सांगितलेल्या वर्गाच्या घोळाला खरा उतारा हाच.

या सगळ्याचा उपयोग काय, असं काकू विचारतील. त्यांना स्कायलॅब आठवत असेल, १९७९ च्या जुलैत डोक्यावर पडणार म्हणून देशभर घबराट झाली होती. सत्तर टनांहून जड प्रयोगशाळा ११ जुलैला खाली आली, तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. ती अंदाजापेक्षा लवकर आली कारण सूर्य अपेक्षेपेक्षा जास्त खवळला होता, वरची हवा तापून फुगली आणि प्रयोगशाळेला जास्त घासायला लागली. तिथे मोठा वाटा सूर्याच्या अतिनील किरणांचा होता. ते सगळ्या पृथ्वीभर मिळून सरासरी ५०० गिगावॅटच्या आसपास वरच्या हवेत ओततात. करंटची उष्णता सरासरीने १०० च्या आसपास. पण किरण सावकाश बदलतात, आणि करंट काही तासांत दहापट होऊन मोठ्या वादळात सूर्यालाही मागे टाकतो. अंदाज चुकवतो तो करंट.

ताजं उदाहरण ३ फेब्रुवारी २०२२ चं. स्टारलिंकचे ४९ उपग्रह सुमारे २१० किमीच्या नीचतम उंचीच्या कक्षेत सोडले गेले, तिथून ते स्वतःच्या इंजिनावर वर चढणार होते. त्याच सुमारास चुंबकीय वादळ आलं, तेही किरकोळ प्रतीचं. हवेचा अडथळा आधीच्या उड्डाणांपेक्षा ५० टक्क्यांपर्यंत वाढला. उपग्रह अडथळा कमी करायला आडवे केले, पण वर चढायची संधीच मिळाली नाही आणि ३८ जळून गेले. तुम्ही विचाराल, किरकोळ वादळात एवढं? इतक्या खाली सोडलं की सुटीला जागाच नसते, त्याला इलाज नाही. ते इतक्या खाली सोडण्यामागेही हिशेब होता: बिघडलेला उपग्रह आपोआप लवकर पडावा, वर कचरा राहू नये.

ही उष्णता ध्रुवाजवळ थांबत नाही. तापलेली हवा वर उचलली जाते आणि दाबाची लाट सेकंदाला ६००-७०० मीटर वेगाने विषुववृत्ताकडे निघते. खानदेश २१ अंशांवर, म्हणजे इथल्या पट्ट्यापासून सुमारे साडेपाच हजार किमी. सव्वादोन-अडीच तासांत ती लाट अमळनेरच्या माथ्यावर तीनचारशे किमीवरून जाते. तिच्यामागून हवेची घडणही बदलते: खालचा नायट्रोजन वर येतो, ऑक्सिजनच्या अणूंचं प्रमाण घटतं, त्यामुळे वरच्या थरातले इलेक्ट्रॉन लवकर विझतात आणि रेडिओच्या दूरच्या लहरी नीट परतत नाहीत. खाली गावात कोणाला काही जाणवत नाही.

निवण्याचीही सोय निसर्गात आहे. वादळात तयार होणारा नायट्रिक ऑक्साइड ५.३ मायक्रॉनच्या अवरक्त किरणांतून उष्णता बाहेर टाकतो, आणि जितकं जास्त तापेल तितका तो जोरात काम करतो. २००१ च्या डिसेंबरात गेलेल्या टाइम्ड उपग्रहाने हे नीट मोजलंय. कधी कधी वादळ सरल्यावरही हा वायू उरतो आणि हवा आधीपेक्षा जास्त निवते. उपग्रहांचे हिशेब त्या दिवसांत उलट्या बाजूने चुकतात.

गेल्या मे महिन्यात, १० तारखेच्या वादळात लडाखच्या हानले इथून लाल अरोरा दिसला आणि लगेच आपल्याकडे 'सौर वादळामुळे उष्णतेची लाट' असे निरोप फिरले. तुम्हीही एक पाठवला होतात. वादळाची उष्णता हजार गिगावॅट धरली तरी पृथ्वीवर पडणाऱ्या उन्हाच्या दीड लाखाव्या भागापेक्षाही कमी, आणि तीही शंभर किमीच्या वर. जळगावचा ४५ अंशांचा मे या कारणाने होत नाही. केळीच्या बागांना लागणारी थंडीही नाही.

मोठ्या वादळांची नोंद ठेवण्यात मुंबईचा मान मात्र मोठा आहे. २ सप्टेंबर १८५९ ला कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने (हे चुंबकीय क्षेत्राचं माप) कोसळल्याची नोंद झाली. त्या वादळाची इतकी चांगली नोंद जगात फार थोड्या ठिकाणी आहे. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, त्यांच्या करंटने सुया बिघडतील म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला हलवलं, आणि ते अजून चालू आहे. बापूला अलिबागला जायचं झालं तर समुद्राबरोबर तेही बघून ये म्हणावं.

अशा वादळाने गावातली डीपी जळते का, ते राहिलं. वरच्या करंटच्या चढउतारामुळे जमिनीत मंद, जवळजवळ डीसीसारखा करंट निर्माण होतो. तो मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या अर्थ केलेल्या न्यूट्रलमधून वर चढतो आणि त्याचा लोखंडी कोअर अर्ध्या सायकलला सॅच्युरेट करतो, म्हणजे चुंबकत्वाने पुरता भरून टाकतो. १३ मार्च १९८९ ला कॅनडातल्या क्विबेकमध्ये यामुळे ६० लाख लोकांची वीज सुमारे नऊ तास गेली. तिथे लाइनी शेकडो किमी लांब, खडक विजेला वाईट वाहक आणि अरोराचा पट्टा डोक्यावर, तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. आपल्याकडे अरोराचा पट्टा फार दूर आहे, शिवाय गावातली ११ केव्हीची लाइन आखूड. अमळनेरची डीपी जळाली तर सूर्याला दोष देऊ नका, ओव्हरलोड आणि तेलाची पातळी बघा.

बापूला एक गणित देतो. विद्युत क्षेत्र ८० मिलिव्होल्ट, वाहकता ६ सीमेन्स, वारा आयनांना साथ देणारा १५० मीटर सेकंदाला. एकरी किती वॅट, आणि तीन किलो हवा तासाला किती अंश चढेल? उत्तर मोबाइलवर पाठव म्हणावं. वारा विसरलास तर उत्तर १५० वॅटच्या वर जाईल, तेवढ्यावरून मला कळेल.

काकूंना, आजीला नमस्कार. लहानांना आशीर्वाद.

आपला,
योगेश